जिन्याखालचं बाक

मुलाच्या पोटाला हात लावण्याआधी ते स्वतःच्या सदऱ्याची दोन बटणं सोडायचे आणि उजवा हात आत घालून आपल्याच पोटावर ठेवायचे. डोळे मिटून. आपण दचकलो म्हणजे हात गार आहे, आणि गार हाताने मूल पोट आवळून घेतं, मग त्या पोटातलं काहीच कळत नाही. तळवे एकमेकांवर घासायचे, पुन्हा हात आत. कधीकधी हे तीन-तीनदा चालायचं. समोर आई पोराला मांडीवर घेऊन बसलेली, बाहेर रांग दारापर्यंत गेलेली, आणि शहरातला एक नावाजलेला सर्जन भर ओपीडीत सदऱ्यात हात घालून डोळे मिटून बसलेला. नव्या नर्सना हसू यायचं. जुन्या नर्स त्यांना डोळ्यांनी गप्प करायच्या.

मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हसण्यासारखं थोडंच आहे.

मी इचलकरंजीची. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरात जेवायला बसायचं तर आधी पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. त्या पत्रकांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले. स्वतःचं आडनाव नीट लिहिता येण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ लिहिता येत होतं. अशा घरातली मुलगी इंजिनिअर होऊन चेन्नईत एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली, टी. नगरच्या एका लेडीज हॉस्टेलात राहू लागली, तेव्हा बाबांनी एकच विचारलं होतं, तुझं काम कुणाच्या उपयोगाचं? माझ्याकडे उत्तर तयार होतं. पोट दुखणाऱ्या मुलाचं ऑपरेशन करायचं की नाही, हे सांगणारं यंत्र आम्ही बनवतोय. मोठा सर्जन जिथे कधी पोचणार नाही, तिथल्या पोरांनाही त्याची नजर मिळेल. बाबांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्यांना ते आवडलं होतं. मलाही. आज मला त्या उत्तराची लाज वाटते, पण ते खोटं नव्हतं.

यंत्राला शिकवायला खऱ्या मुलांच्या नोंदी लागतात. नुंगंबाक्कममधल्या मुलांच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलने त्या द्यायचं कबूल केलं होतं. नोंदी म्हणजे या डॉक्टरांची रजिस्टरं, कित्येक वर्षांची, लाल कापडी बांधणीची. ती वाचून संगणकात भरायला कंपनीने मला तिथे बसवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“काय गे, तूं आमचीच का?”

ते तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज कुठल्या राजासोबत तिकडे गेले ते त्यांना सांगता यायचं, पण पुण्याला ते उभ्या आयुष्यात एकदा, कसल्याशा परिषदेसाठी गेले होते आणि तिथल्या रिक्षावाल्याला त्यांची मराठी कळली नाही म्हणून हिंदीत बोलून परत आले होते. त्यांच्या तोंडात मज, तुज, बैस, नलगे असे शब्द असायचे, आणि वाक्याचा सूर मात्र अस्सल तमिळ, शेवटाला वर जाणारा. माझ्या मराठीला ते वर्तमानपत्राची मराठी म्हणत. नर्सशी तमिळ, ट्रस्टच्या लोकांशी इंग्रजी आणि स्वतःशी पुटपुटताना मराठी. ऑपरेशन करताना ते मराठीत पुटपुटायला लागले की भूल देणारे डॉक्टर सावध व्हायचे, असं तिथली थोरली नर्स सांगायची.

मुलाला “दुखणार नाही हं” म्हणणारी आई त्यांना खपत नसे. आईला गप्प करून ते मुलाला सांगत, दुखेल, किती दुखलं ते तू मला सांगायचं, मी लिहून घेतो. आणि खरोखर लिहून घेत. मुलं या गोष्टीने इतकी चकित होत की रडायची थांबत.

दुसरी तऱ्हा उडीची. पोटदुखीचं जे मूल चालू शकतं, त्याला ते जिन्यापाशी नेत आणि शेवटच्या पायरीवरून खाली उडी मारायला सांगत. आधी स्वतः मारत. वय सदुसष्ट, अंगाने किडकिडीत, पायांत वहाणा नाहीत. धपकन उडी मारून वळून बघत. मुलाने हसत उडी मारली तर बहुतेक काळजी नसे. उडी मारून पोट धरलं तर काळजी. आणि मूल पायरीवर उभं राहून, खाली बघून, मान हलवून नाही म्हणालं तर ते तिथेच त्याच्यापुढे उकिडवे बसत आणि त्यांचा चेहरा बदलून जाई. एकदा एका मुलाच्या वडिलांनी चिडून विचारलं होतं की स्कॅनचं मशीन असताना ही सर्कस कशाला. डॉक्टर म्हणाले, स्कॅन करूच, पण तुमचा मुलगा उडी का मारत नाही हे स्कॅन मला सांगणार नाही, ते तो सांगतोय.

या जिन्याखाली एक लाकडी बाक होतं. ज्या मुलांबद्दल त्यांची खात्री होत नसे, ती मुलं आणि त्यांच्या आया त्या बाकावर बसत. दर दीड-दोन तासांनी डॉक्टर जिथे असतील तिथून येत, हात पोटावर ठेवून गरम करत आणि त्या प्रत्येक पोराचं पोट पुन्हा चाचपत. दुपारचा दहीभातही तिथेच, बाकाच्या टोकाला बसून, डबा मांडीवर घेऊन खात. खाताना मुलांकडे बघत राहत. कुठलं पोर कसं बसतं, कुशीवर वळतं का, शेजारच्याच्या बिस्किटाकडे बघतं का. गणिताच्या परीक्षेच्या दिवशी पोट दुखलेला एक मुलगा सकाळपासून तिथे बसला होता. दुपारी त्याने डॉक्टरांच्या डब्यात डोकावून लोणचं कसलं आहे ते विचारलं. डॉक्टरांनी त्याला लोणचं दिलं, पोट चाचपलं आणि आईला सांगितलं, घेऊन जा, परीक्षा संपली असेल.

रजिस्टरात त्यांच्या तीन खुणा असत. उभी रेघ म्हणजे ऑपरेशन. फुली म्हणजे घरी. आणि बाकावर बसवलेल्या मुलासाठी एक पोकळ गोल. त्या मुलाच्या पोटाला पुन्हा हात लावला की गोलात एक ठिपका. कुणाच्या गोलात दोन ठिपके, कुणाच्या पाच. गोलापुढे मग केव्हातरी रेघ नाहीतर फुली पडे. बहुतेक वेळा फुलीच.

आता माझं काम. संगणकातल्या तक्त्यात निर्णयाच्या रकान्यात दोनच गोष्टी भरता येत होत्या, एक किंवा शून्य. ऑपरेशन किंवा घरी. गोलाला जागा नव्हती. मी आमच्या टीम लीडला मेल केली. तो पुण्याचा, वयाने माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा, गणपतीत सगळ्यांना मोदक करून घालणारा चांगला माणूस. त्याने लिहिलं, शेवटी काय झालं ते भर. घरी गेलं ना मूल? मग शून्य. आणि ठिपके? ते सोडून दे, ती त्यांची सवय आहे.

मी डॉक्टरांनाही विचारलं. ते बाकावर जेवत होते. गोलाचं शून्य करू का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “तुज जें सोईचं तें लिही गे. मूल घरीं गेलं ना? सरि.” म्हणजे ठीक. आणि पुन्हा भात कालवू लागले. दर आठवड्याला मी भरलेल्या तक्त्याचे कागद त्यांच्याकडे सहीला न्यायचे. ते न वाचता सही करत. कंपनीच्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की तुमची चाळीस वर्षं या यंत्रात उतरणार आहेत, तुमच्यानंतरही तुमचा हात राहील. याचा त्यांना आनंद झाला होता. लपवत, पण झाला होता. मूल ना बाळ, एकटा माणूस.

एक मेल केली आणि मी पुढे भरत गेले. शून्य, शून्य, शून्य. एवढीशी शंका काढून मग मुकाट कामाला लागणाऱ्या माणसांवर माझ्या बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली.

यंत्र आलं त्या दिवशी मॉनिटरला हार घातला, कुंकू लावलं, समई लावली. डॉक्टर त्याला जावई म्हणायला लागले. घरात आला की सगळे उठून उभे राहतात आणि त्याला काय येतं हे कुणी विचारत नाही, म्हणून जावई. “जावयांनीं काय म्हटलं?” असं ते मला ओपीडीत सगळ्यांसमोर विचारत. पण ते त्याच्या विरोधात होते असं कुणी म्हणू नये. दुसऱ्याच आठवड्यात एका धाकट्या डॉक्टरने घरी पाठवलेल्या मुलावर यंत्राने लाल खूण केली आणि ते मूल वाचलं. डॉक्टरांनी त्या दिवशी मॉनिटरच्या पाठीवर थाप मारली होती. मी त्यांना विचारलं, आता पटलं का? ते म्हणाले,

“जावई नीट पाहतो गे. पण एकदांच पाहतो.”

मी ते वाक्य वहीत उतरवून ठेवलं. चांगलं वाक्य आहे म्हणून. त्यात काय म्हटलंय याचा विचार केला नाही.

चार महिन्यांनी जिन्याखालचं बाक काढलं. तिथे नोंदणीची दोन यंत्रं उभी करायची होती, आणि आता मुलांना बसवून ठेवण्याचं कारण नाही असं ट्रस्टचं म्हणणं पडलं. हिरवी खूण आली की छापील कागद घेऊन घरी, लाल आली की वर, ऑपरेशनला. दिवसाला जास्त मुलं बघून होत होती. डॉक्टर त्या दिवशी जिन्यापाशी डबा घेऊन आले, उभे राहिले आणि पायरीवर बसून जेवले. दुसऱ्या दिवसापासून ते आयांनाही पायरीवर बसवू लागले. सुरक्षारक्षक त्यांना उठवायचा. डॉक्टर पुन्हा बसवायचे.

ती मुलगी चेन्नईजवळच्या कोवलम गावची होती. आठ वर्षांची. वडील मासेमारीच्या होडीवर, आई मासे विकणारी. दोन बस बदलून मायलेकी सकाळी आल्या. बेंबीभोवती दुखतंय, एकदा उलटी झाली, एवढंच. डॉक्टरांनी हात गरम करून पोट पाहिलं, उडी मारायला लावली. मुलीने उडी मारली, पण उतरताना आईचा पदर धरला. डॉक्टरांनी रजिस्टरात गोल काढला, त्यात एक ठिपका दिला, आईला “इरु” म्हणजे थांब म्हणून सांगितलं आणि ते ऑपरेशन थिएटरात गेले. दोन दिवसांचं बाळ होतं, आतड्याला पीळ पडलेलं. संध्याकाळपर्यंत ते बाहेर येऊ शकले नाहीत.

इकडे मुलीची रक्ततपासणी, सोनोग्राफी यंत्रात गेली. हिरवी खूण. काउंटरवरच्या मुलीने कागद छापून दिला. आई म्हणाली, मोठ्या डॉक्टरांनी बसायला सांगितलंय. काउंटरवरची म्हणाली, हिरवं आलंय, आणि बसणार कुठे? आई मुलीला घेऊन पायरीवर बसली. रक्षकाने उठवलं. त्या दोघी गेल्या. मी तिथून दहा पावलांवर लॅपटॉप घेऊन बसले होते. मी हे पाहिलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

डॉक्टर खाली आले ते थेट जिन्यापाशी. “माझी मुलगी कोठें?” त्यांनी मला विचारलं. मी स्क्रीनवर पाहून सांगितलं, घरी गेली. त्यांनी फोन लावायला लावला. तो वडिलांचा नंबर होता, वडील समुद्रावर, फोन लागेना. ते कोवलमला निघतो म्हणाले. मी त्यांना थांबवलं. होय, मीच. यंत्राने दिलेला धोक्याचा आकडा दाखवला, तो फार लहान होता. उद्या दुपारी सगळ्यांना विचारपूस करणारा फोन आपोआप जातो, असंही सांगितलं. सकाळी सातपासून उभा राहिलेला म्हातारा. त्याने आकडा बघितला, डोळे चोळले आणि माझं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला. तोवर वडील परतले होते. उत्तराची नोंद स्क्रीनवर उमटली, पोट दुखायचं थांबलं. शेजारी आपोआप शेरा, बरी झाली. मी आनंदाने डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते जेवत होते. डबा त्यांनी झाकणही न लावता पायरीवर ठेवला.

“केधवां थांबलं? हळूंहळूं कीं एकदम?”

नोंदीत तसं काही नव्हतं.

ऑटोत बसल्यावर त्यांनी मला समजावलं. अपेंडिक्सचं दुखणं जातं तेव्हा रेंगाळत जातं. ते सुजून फुटलं तर मात्र ताण सुटतो आणि तासभर, कधी अर्धा दिवस, मुलाला बरं वाटतं. घरचे देवापुढे दिवा लावतात. आणि आत सगळं पोटभर पसरत असतं. ईस्ट कोस्ट रोडवर टोलपाशी गाड्या तुंबल्या होत्या. डॉक्टर सारखा सदऱ्यात हात घालून पोटाला लावून बघत होते.

घर सापडायला वेळ लागला. मुलगी दारात उंबऱ्याला टेकून बसली होती, डॉक्टरांना बघून ओळखीचं हसली. आई म्हणाली, अय्या, तुमचं मशीन खरं बोललं, सकाळपासून दुखत नाही, जेवलीसुद्धा. डॉक्टरांनी वाळूत एक उडी मारली आणि मुलीकडे वळून बघितलं. ती उठली नाही. त्यांनी पोटाला हात लावला. मी बाजूलाच होते म्हणून मीही लावला. लाकडासारखं होतं.

पोट उघडलं तेव्हा आत पू भरला होता. तीन वेळा ऑपरेशन केलं. सहाव्या दिवशी ती गेली. त्या सहा दिवसांत डॉक्टर घरी गेले नाहीत आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मराठीत पुटपुटतही नव्हते, असं थोरली नर्स म्हणाली.

चौकशी ट्रस्टच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली. आमचा टीम लीड पडद्यावर एकेक गोष्ट दाखवत होता. आवाज हळू, चेहरा खरोखर दुःखी. त्याने या मुलीसारख्या मुलांच्या जुन्या नोंदी काढल्या होत्या. त्याच वयाची, तेवढ्याच दुखण्याची, तशाच रिपोर्टची. सगळ्यांपुढे शून्य. सर, तो म्हणाला, यंत्र हे तुमच्याकडूनच शिकलंय. अशा मुलांना तुम्हीही घरीच पाठवत होता.

डॉक्टर उठून पडद्याजवळ गेले. एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, हा मुलगा सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत माझ्याकडे होता, मी त्याला पाच वेळा हात लावला, मग पाठवला. कुणीतरी म्हणालं, ते डेटात नाही. डॉक्टरांनी पुढची ओळ पाहिली, त्याच्या पुढची पाहिली. मग वळून माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत गोल काय आणि शून्य काय हे माहीत असलेली आम्ही तीन माणसं होतो. टीम लीड कागद चाळत होता. मी पाण्याच्या ग्लासकडे बघत होते.

मी बोलायला हवं होतं. तिथे, तेव्हा, त्या क्षणी. एवढं एकच वाक्य, की हे शून्य मी भरलं आहे. ज्या घरात मी वाढले तिथे मालकासमोर उभं राहून बोलणाऱ्याला माणूस म्हणायचे.

“रजिस्टर माझं,” डॉक्टर म्हणाले. “ह्या कागदांवर सहीही माझी.”

त्यांना निवृत्त व्हायला सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं.

मग मी काय केलं? पत्रक लिहिलं. आयुष्यात मला तेवढंच येत होतं. दोन रात्री जागून चार पानं. बालकांच्या जिवाशी खेळणाऱ्या नफेखोर तंत्रज्ञानाचा जाहीर निषेध. आईच्या अश्रूंना उत्तर द्या. तिथे नफेखोर कोण होतं, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण शब्द हाताशी होता. लेखकाचं नाव नाही, खाली फक्त ‘एक जागरूक नागरिक’. तमिळ आणि इंग्रजी भाषांतरही करून घेणार होते. छापण्याआधी ते डॉक्टरांना दाखवायला मैलापूरला त्यांच्या घरी गेले.

ते खाटेवर बसून होते. चारही पानं वाचली, मधूनमधून पेन्सिलीने ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. मग पानं माझ्याकडे दिली.

“बहुत चांगलं लिहिलंस. ह्यांत तूं कोठें आहेस?”

मी पानांच्या घड्या घातल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाले, की तू मला विचारलं होतंस, ते माझ्या लक्षात आहे, मी जेवत होतो.

तेवढ्यात शेजारची बाई आपल्या मुलाला कडेवर घेऊन आली. सकाळपासून पोट धरून रडतोय, जरा बघता का. गल्लीतल्या सगळ्या पोरांची पोटं त्यांनी पाहिलेली. ते उठले, दोन पावलं पुढे आले आणि थांबले. दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणाले, हॉस्पिटलात घेऊन जा. बाईला वाटलं त्यांना बरं नाही. तिने विचारलं, कुठल्या? त्यांनी ट्रस्टचंच सांगितलं. त्यांना दुसरं हॉस्पिटल ठाऊक नव्हतं. ती पायऱ्या उतरून गेली आणि आम्ही दोघं ऑटोचा आवाज दूर जाईपर्यंत तसेच उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मी ट्रस्टकडे आणि कंपनीकडे लेखी कळवलं. गोल कसे होते, मी त्यांचं काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, त्या संध्याकाळी डॉक्टरांना कुणी थांबवलं. खाली माझं पूर्ण नाव. मला वाटलं होतं, आता काहीतरी कोसळेल. नोकरी जाईल, निदान आरडाओरडा होईल.

तीन दिवसांनी आभाराची मेल आली. एवढी प्रामाणिकपणे चूक शोधून काढल्याबद्दल. सगळ्या टीमला पाठवलेली, खाली टाळ्या वाजवणारे हात. मूळ कारण सापडलं, नोंदी भरण्यातली चूक, पुढच्या आवृत्तीत ‘देखरेख’ असा तिसरा पर्याय येईल. पुढची आवृत्ती खरंच आली. तिसरा पर्यायही आला. यंत्र आता एखाद्या मुलापुढे पिवळी खूण करतं आणि दोन तासांनी पुन्हा तपासा म्हणून सांगतं. कोण तपासणार, कुठे बसवून, हे कुणी ठरवलेलं नाही. काउंटरवरची मुलगी पिवळ्याचा कागद छापून देते, त्यावर लिहिलेलं असतं, दोन तासांनी पुन्हा या. डॉक्टरांना परत बोलावण्याचा विषयच निघाला नाही. ते यंत्र आता आणखी हॉस्पिटलांत बसलं आहे. मी नोकरी सोडली. माझ्या जागी दुसरी मुलगी आली, नागपूरची, हुशार आहे.

हे सगळं सांगायला मी पुन्हा मैलापूरला गेले. त्यांनी ऐकून घेतलं. त्या आईला सांगितलंस का, एवढंच विचारलं. नव्हतं सांगितलं. मग आम्ही दोघं बसने कोवलमला गेलो. वाटेत कळलं की ते दर महिन्याला जातात.

ती बाई होड्यांपाशी टोपली घेऊन बसली होती. डॉक्टरांना बघून उठली नाही, बाजूला सरकून जागा केली. मी तमिळमध्ये सांगायला लागले. मोडकंतोडकं, पण सगळं सांगितलं. यंत्राला चुकीचं शिकवलं गेलं, ते मी शिकवलं, डॉक्टर त्याच संध्याकाळी येत होते, मी येऊ दिलं नाही. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. हे वाक्य मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं.

ती कोयत्याने सुरमईचे तुकडे करत होती. एका गिऱ्हाईकाला तोलून दिले, पैसे कनवटीला लावले, मग माझ्याकडे बघितलं.

“त्या दिवशी ती दुखत नाही म्हणाली, मा. भूक लागली म्हणाली. मी माशाचं कुळंबू आणि भात वाढला. दोनदा घेतला तिने. आत फुटलेलं असताना मी वाढला.”

मी म्हणाले, त्याने काही फरक पडला नसता. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ते त्यांनी आधीही अनेकदा सांगितलं असणार, कारण ती त्यांच्याकडे न बघताच मान हलवत होती.

“हे अय्या येतात आणि म्हणतात, चूक माझी. आता तू आलीस, तू म्हणतेस तुझी. सरि, घेऊन जा.” तिने कोयता पाण्यात बुडवून धुतला. “मग आता मी काय करू, डॉक्टर?”

चाळीस वर्षं आया त्यांना हा प्रश्न विचारत आल्या होत्या, आणि दर वेळी त्यांच्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी असायचं, अगदी पेज द्या, कुशीवर निजवा, उद्या परत आणा, इतकं साधं तरी. मी त्यांच्याकडे बघितलं. ती पण बघत होती, खरोखर उत्तराची वाट बघत. मग पुढचं गिऱ्हाईक आलं आणि तिने मान फिरवून त्याला भाव सांगितला.